बॉल जॉइंट सोडवताना : हाताच्या हत्यारांचा एक पाठ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासविषयक लेखाची असणार, हे उघड आहे. आमचे सारे अध्यापन त्याच विषयात झाले. तथापि गेली अनेक वर्षे वसतिगृहाच्या देखरेखीबरोबर शाळेच्या जुन्या चारचाकी गाडीची देखभालही आमच्याकडे आहे, आणि शनिवारी कार्यानुभवाच्या तासाला मुले त्याच गाडीभोवती जमतात. त्या तासात आम्ही शिकवले त्यापेक्षा अधिक शिकलो. त्यांपैकी एक पाठ येथे मांडत आहोत. विषय लहान आहे : मोटारीच्या पुढच्या चाकापाशी असणारा बॉल जॉइंट हाताच्या हत्यारांनी कसा सोडवावा.

आरंभी आमची चूक सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. एका पावसाळ्यात स्टिअरिंगमध्ये खेळ वाढल्याचे लक्षात आले. टाय रॉडच्या टोकाचा जॉइंट झिजला होता. नवा भाग आणून ठेवला, नट काढला, आणि जुना जॉइंट निघेना म्हणून त्याच्या पिनेच्या उघड्या टोकावर आम्ही हातोड्याचे घाव घातले. पिन तसूभरही हलली नाही. मात्र तिचे टोक छत्रीसारखे पसरले, आटे चेपले आणि नट पुन्हा चढेनासा झाला. आता गाडी चालवताही येईना आणि दुरुस्तही होईना. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाचे धान्य आणायचे होते. अखेर शाळेतून दहावी होऊन तालुक्याच्या गावी गॅरेजात लागलेल्या एका माजी विद्यार्थ्याला निरोप धाडला. तो आला, पसरलेल्या टोकाकडे पाहून नम्रपणे म्हणाला, "सर, ठोकलंत ते बरोबर, पण जागा चुकली." त्याने दोन हातोडे घेतले, बाजूने तीन-चार घाव घातले आणि जॉइंट खाली आला. इतिहासाच्या पेपरात आम्ही या मुलाला काठावर उत्तीर्ण केले होते.

जागा का चुकली, हे समजून घेणे म्हणजेच प्रस्तुत पाठ होय.

बॉल जॉइंट म्हणजे काय

पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन हालचाली कराव्या लागतात. रस्त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे ते वरखाली झाले पाहिजे आणि स्टिअरिंगप्रमाणे डावीउजवीकडे वळले पाहिजे. जुन्या मोटारींत वळण्यासाठी किंगपिन नावाची जाड उभी पिन असे, आणि वरखाली होण्यासाठी वेगळी सांधेजोड असे. आजही मालमोटारींच्या अखंड पुढच्या कण्यात किंगपिनच आढळते. लहान मोटारींत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे दोन्ही काम एकाच सांध्याकडे आले. अमेरिकेत १९५२ सालच्या लिंकन मोटारीत पुढच्या चाकांसाठी बॉल जॉइंटची रचना आली. १९५४ साली फोर्डच्या मोटारींनीही ती स्वीकारली.

आपल्या खांद्याच्या सांध्याशी या जॉइंटचे साम्य आहे. पोलादी पिनेच्या एका टोकाला गुळगुळीत गोळा असतो. तो ग्रीसने माखलेल्या वाटीत बसलेला असतो आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून त्यावर रबरी टोपण असते. पिनेचे दुसरे टोक निमुळते असून ते समोरच्या भागाच्या तितक्याच निमुळत्या भोकात शिरते. कुऱ्हाडीच्या वा कुदळीच्या भोकास आपण नेढे म्हणतो, तोच शब्द येथे वापरू. नेढ्यातून पलीकडे निघालेल्या आट्यांवर नट बसतो आणि नट फिरू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घातलेली असते.

मारुती ८०० सारख्या गाडीत स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात व चाकाखाली एकच लोअर आर्म असतो. तेथे प्रत्येक बाजूस खालचा एक बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या टोकाचा एक, असे दोन सांधे मिळतात. टाटा सुमोसारख्या गाडीत वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात, म्हणून आर्मचेच सांधे दोन होतात. टाय रॉडचे टोक त्यांखेरीज वेगळे.

हा सांधा पूर्ण झिजून गोळा वाटीतून निसटला, तर चाक आपल्या जागी राहत नाही. ते बाहेरच्या बाजूस दुमडते, आणि गाडी कोणाच्याही ताब्यात राहत नाही. मुलांनी भरलेली गाडी ज्याच्या भरवशावर धावते, तो हा मुठीत मावणारा सांधा आहे. त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

नट काढल्यावरही पिन का निघत नाही

नवशिक्याला वाटते की पिन नटाने धरलेली आहे. वस्तुतः नटाचे मुख्य काम पिनेला नेढ्यात ओढून बसवणे हे आहे. एकदा पिन बसली की तिला धरून ठेवते ते घर्षण.

गणिताचे शिक्षक आमच्या सोबतीला होते. त्यांनी फळ्यावर मांडलेला हिशोब असा. नट ५० न्यूटन-मीटरने आवळला आणि पिनेचे आटे १२ मिलिमीटर व्यासाचे असले, तर पिन सुमारे २०,००० न्यूटनने, म्हणजे जवळजवळ दोन टनांच्या जोराने नेढ्यात ओढली जाते. निमुळतेपणा १:१० धरू, म्हणजे दहा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने बदलतो. इतक्या मंद उतारावर पिन पाचरीसारखे काम करते. घर्षण गुणांक ०.१५ धरल्यास पिन आणि नेढे यांच्यामधला एकूण दाब सुमारे दहा टन भरतो. नट काढला म्हणून हा दाब नाहीसा होत नाही. तो नेढ्याच्या ताणलेल्या पोलादात साठून राहतो. पिन सरळ ओढून काढायची झाल्यास जवळपास एक टनाचा जोर लागतो. त्यात गंज चढला असेल, तर विचारूच नये.

उतार मंद असल्यामुळे पिन आपण होऊन मागे सरकत नाही. उतार अधिक असता तर नट सैल होताच ती निसटली असती, आणि असा सांधा धावत्या गाडीत धोक्याचा ठरला असता. न निघणे हा या जॉइंटचा गुण आहे, दोष नाही. त्याच्यावर चिडण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

आता आमची चूक उघड होते. पिनेच्या टोकावर घातलेला घाव आट्यांच्या मऊ कडेत आणि गोळ्याखालच्या वाटीत जिरतो. ज्या ठिकाणी पकड आहे, त्या नेढ्यापर्यंत त्याचा फारच थोडा अंश पोचतो. पकड नेढ्याची आहे, तेव्हा घाव नेढ्यावर पडला पाहिजे.

हात लावण्यापूर्वी

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड वा लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्ध्या फेऱ्याने सैल करावेत. नंतर जॅकने गाडी उचलून चासीखाली भक्कम स्टँड द्यावा. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, टेकू नव्हे. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. काढलेले चाक बाजूला ठेवण्याऐवजी चासीखाली आडवे सरकवावे. स्टँड निसटलाच, तर गाडी चाकावर अडते आणि माणूस वाचतो.

याहून मोठा धोका स्प्रिंगचा आहे. दोन आर्मच्या गाडीत बहुधा खालच्या आर्मवर स्प्रिंगचा संपूर्ण भार असतो. अशा गाडीत बॉल जॉइंट सुटताच आर्म प्रचंड जोराने खाली झेपावतो. समोर हात असेल तर हात जातो, डोके असेल तर जीव जातो. म्हणून खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितके जवळ, दुसरा जॅक लावून आर्म किंचित उचलून धरावा आणि काम पूर्ण होईपर्यंत तो काढू नये. आपल्या गाडीत भार कोणत्या आर्मवर आहे, याची खात्री गाडीच्या माहितीपुस्तकावरून अथवा जाणत्या मिस्त्रीकडून करून घेतल्याखेरीज आर्मच्या जॉइंटला हात लावू नये. टाय रॉडच्या टोकावर स्प्रिंगचा भार नसतो. म्हणूनच नवशिक्याने पहिला धडा तेथे गिरवावा.

डोळ्यांवर चष्मा हवाच. पोलादावर पोलाद आदळले की ठिकरी उडू शकते.

सोडवण्याच्या रीती

आदल्या दिवशीच आट्यांवर गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत, पकडीने स्प्लिट पिन सरळ करून ओढून घ्यावी, आणि नट सैल करून पिनेच्या टोकाच्या पातळीवर आणून ठेवावा. पूर्ण काढू नये. त्यामुळे आट्यांचे रक्षण होते, आणि पिन अचानक सुटली तरी भाग अंगावर येत नाहीत. नटाबरोबर पिनच फिरू लागली, तर जॉइंटखाली पहार वा लहान जॅक लावून पिन नेढ्यात दाबून धरावी. पकड बसते आणि नट फिरतो.

पहिली रीत दोन हातोड्यांची. हीच त्या मुलाने आम्हांस दाखवली. टाय रॉडच्या जॉइंटसाठी स्टिअरिंग आर्मच्या टोकाशी असलेल्या नेढ्याभोवतीचा जाड भाग शोधावा. त्याच्या एका बाजूस जड हातोडा ऐरणीसारखा टेकवून धरावा आणि बरोबर समोरच्या बाजूस दुसऱ्या, किलो-दीड किलोच्या हातोड्याने नेमका, ठाम घाव घालावा. घावासरशी नेढे क्षणभर किंचित अंडाकृती होते, पकड ढिली पडते आणि पिन सुटते. पाठीमागे आधार नसेल, तर घावाचा जोर आर्म हलवण्यातच वाया जातो. मुलांना आम्ही कुदळीचे उदाहरण देतो. घट्ट बसलेला दांडा काढायचा, तर दांडा नुसता ओढून भागत नाही. नेढ्याजवळ ठोकावे लागते आणि कुदळ दांड्याच्या बारीक टोकाकडे सरकवावी लागते. येथेही तेच. घाव घालत असताना दुसऱ्या माणसाने पहारीने टाय रॉड सुटण्याच्या दिशेने दाबून धरला, तर काम निम्म्या वेळात होते. घावाने पकड सुटते आणि ओढीने पिन निघते.

दुसरी रीत पुलरची. लहान पुलरचा एक जबडा नेढ्याच्या मागे बसतो आणि त्याचा स्क्रू पिनेच्या टोकावर टेकतो. स्क्रूच्या आट्यांना आधी ग्रीस लावावे. पाना फिरवत ताण वाढवावा. पुरेसा ताण चढला तरी पिन सुटत नसेल, तर स्क्रू आणखी आवळण्याच्या मोहात पडू नये. ताण तसाच ठेवून नेढ्याच्या बाजूवर हातोड्याचा एक घाव घालावा. बहुतेक वेळा बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन पिन सुटते. त्या क्षणी समोर कोणी उभे असू नये. जॉइंट पुन्हा वापरायचा असेल, तर हीच रीत उत्तम, कारण तीत रबरी टोपण शाबूत राहते.

तिसरी रीत दुबेळक्याची. दोन दातांची ही पोलादी पाचर जॉइंट आणि नेढे यांच्यामध्ये घालून मागून ठोकतात. काम लवकर होते, परंतु रबरी टोपण बहुधा फाटते. फाटक्या टोपणातून धूळपाणी आत गेले की चांगला जॉइंटही काही महिन्यांत खराब होतो. जॉइंट बदलायचाच ठरला असेल, तेव्हाच दुबेळके हाती घ्यावे.

आगीने तापवण्याची चौथी रीत काही ठिकाणी प्रचलित आहे; मुलांना आम्ही ती शिकवत नाही. तापवल्याने रबर जळते, ग्रीस पेटू शकते, आणि पाणी दिलेल्या पोलादाची ताकद कमी होते. स्टिअरिंगच्या भागाची ताकद डोळ्यांनी तपासता येत नाही. म्हणून तापवून वाचवलेला अर्धा तास पुढे फार महाग पडू शकतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही गाड्यांत खालच्या जॉइंटची पिन निमुळती नसून सरळ असते. ती नकलच्या चिरलेल्या भोकात बसते आणि आडवा बोल्ट आवळून धरलेली असते. पिनेवर खाच असते व बोल्ट त्या खाचेतून जातो. म्हणून बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो. नंतर चिरेत जाड छिन्नी हलकेच बसवून ती किंचित उघडावी आणि पहारीने आर्म खाली दाबावा. येथे घाव घालण्याचे कारणच नसते. हत्यार उचलण्यापूर्वी समोर कोणता सांधा आहे ते पाहावे. न पाहता उचललेला हातोडा केवळ नुकसान करतो.

पुन्हा जोडताना

टाय रॉडचे टोक बदलताना जुने टोक किती फेऱ्यांनी निघाले ते मोजून लिहून ठेवावे आणि नवे तितक्याच फेऱ्यांनी चढवावे. पिन आणि नेढे दोन्ही स्वच्छ पुसून कोरडी बसवावीत. तेथे तेल वा ग्रीस लावू नये, कारण तेथे आपल्याला घर्षणच हवे आहे. नेढे आतून चेपलेले वा चरे पडलेले असेल, तर नवी पिनही त्यात टिकणार नाही. तो भाग बदलावा. नट माहितीपुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावा. स्प्लिट पिनेचे भोक नटाच्या खाचेशी जुळले नाही, तर नट थोडा अधिक आवळून जुळवावा. सैल करून कधीही जुळवू नये. स्प्लिट पिन नवीच घालावी. चार आण्यांची वस्तू म्हणून जुनी वाकवून वापरण्याची सवय आपल्याकडे आहे. ती सोडली पाहिजे. सरतेशेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, अन्यथा नवे टायर एका बाजूने झिजत जातात.

समारोप

त्या दिवशी जॉइंट खाली पडल्यावर आम्ही त्या मुलाला विचारले, "हे तुला कोणी शिकवले?" तो म्हणाला, "उस्तादांनी. पण का होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही." मग आम्ही त्याला फळ्याजवळ नेले. गणिताच्या शिक्षकांनी पाचरीचा हिशोब मांडला. तो बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी नेढं ढिलं करत होतो. मला वाटायचं, मी पिन हलवतोय."

या एका वाक्याने आम्हांस बरेच काही शिकवले. हाताने काम करणाऱ्याला अडाणी आणि पुस्तक वाचणाऱ्याला ज्ञानी मानण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. तिच्यामुळे कोणाच्या वाट्याला काय आले, हे इतिहासाच्या शिक्षकाने सांगण्याची गरज नाही. आमच्यापाशी आकृती होती, पण घावाची जागा ठाऊक नव्हती. त्याच्यापाशी जागा होती, पण कारण नव्हते. तेव्हापासून कार्यानुभवाच्या तासाला तो वर्षातून दोनदा येतो. तो हातोडा धरायला शिकवतो, आम्ही फळ्यावर हिशोब मांडतो, आणि मुले दोघांनाही प्रश्न विचारतात. तासाच्या नोंदवहीत शिक्षक म्हणून त्याचेही नाव आम्ही लिहितो.

स्वाध्याय

१. नट काढल्यावरही निमुळती पिन जागेवर का राहते, ते आकृती काढून स्पष्ट करा.
२. दोन आर्मच्या गाडीत जॉइंट सोडवण्यापूर्वी आर्मखाली जॅक का लावतात?
३. पिनेच्या टोकावर घाव घालणे आणि नेढ्याच्या बाजूवर घाव घालणे, यांतील फरक सांगा.
४. आपल्या घरातील वा शेतातील हत्यारांपैकी निमुळत्या सांध्याची दोन उदाहरणे शोधा व ती कशी सुटतात ते करून पाहा.